कोपनहेगनचे दोन जुने प्रतिस्पर्धी



इ. स. १९४७ ते १९५३ या सात वर्षांत डेन्मार्क देशांतील फुटबॉलचें अजिंक्यपद सात वेळां बहाल करण्यांत आलें, आणि सातहि वेळां तें दोनच क्लबांच्या हातीं पडलें. १९४७ सालीं ए. बी.; १९४८, १९४९ व १९५० अशीं लागोपाठ तीन वर्षें के. बी.; पुढें १९५१ व १९५२ हीं दोन वर्षें पुन्हां ए. बी.; आणि १९५३ सालीं पुन्हां के. बी. एखाद्या जुन्या वाड्यांतील दोन भावांनीं वडिलोपार्जित पागोटें आलटून पालटून डोक्यावर ठेवावें, तसाच हा प्रकार होता. मग १९५४ सालीं तें पागोटें राजधानीबाहेर, क्योगे नांवाच्या एका लहान बंदराच्या गांवीं गेलें. १९१३ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने सुरू झाले, तेव्हांपासून एकदांहि तें कोपनहेगनची वेस ओलांडून गेलें नव्हतें. आतां एकदां गेलें तें या दोघांपैकीं कोणालाहि पुढें तेरा वर्षें परत आणतां आलें नाहीं.

हें असें कां घडलें, तें आज मला सांगावयाचें आहे. परक्या देशांतील चेंडूच्या खेळाची हकीकत आपण कशासाठीं ऐकावी, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें कीं, दोन प्रतिस्पर्धी एकमेकांस कसे घडवितात, आणि ज्या भिंतीच्या आश्रयानें ते वाढतात तीच भिंत शेवटीं त्यांना कशी कोंडते, हा विषय कोणत्याच देशाला परका नाहीं.

प्रथम या मंडळींची ओळख करून घेऊं. के. बी. म्हणजे क्योबेनहाव्न्स बोल्डक्लुब. ‘क्योबेनहाव्न’ हें कोपनहेगनचें डॅनिश नांव, आणि ‘बोल्ड’ म्हणजे चेंडू. तेव्हां ‘कोपनहेगनचा चेंडूच्या खेळांचा क्लब’ एवढाच त्याचा साधा अर्थ. ए. बी. म्हणजे आकाडेमिस्क बोल्डक्लुब, अर्थात् विद्यापीठाच्या मंडळींचा चेंडूच्या खेळांचा क्लब. पहिल्याचा रंग निळा-पांढरा, दुसऱ्याचा हिरवा-पांढरा.

के. बी.चा जन्म २६ एप्रिल १८७६ चा. त्या वेळचें कोपनहेगन डोळ्यांसमोर आणावयाचें तर त्याच्या बारा वर्षें मागें जावें लागेल. १८६४ सालीं प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशीं झालेल्या युद्धांत डेन्मार्कचा दारुण पराभव झाला, आणि श्लेस्विग-होल्स्टाइनचा मोठा मुलूख त्याच्या हातून गेला. या आघातानंतर देशांत व्यायामाचें जें वारें सुटलें तें नेमबाजीचें आणि कवाइतीच्या धर्तीच्या शारीरिक शिक्षणाचें होतें. शरीर कमवावयाचें तें देशरक्षणासाठीं, ही त्यामागील भावना. चेंडूचे खेळ मात्र निराळ्या वाटेनें आले. राजधानीचे जुने तट पाडले जात होते, शहर वेशीबाहेर पसरत होतें, आणि पेढीवाले, व्यापारी, सरकारी अधिकारी अशा सुस्थित वर्गाच्या तरुणांना इंग्रज रहिवाशांच्या सहवासांत इंग्रजी खेळांची गोडी लागली होती. या खेळांत देशरक्षणाचा हेतु नव्हता. खेळ हाच खेळाचा हेतु होता. अशा तरुणांचा हा क्लब. आरंभीं तर तो फुटबॉलचा क्लब नव्हताच. मंडळी जमून साधे देशी चेंडूचे खेळ खेळत. फुटबॉल आणि क्रिकेट यांचा प्रवेश दोन-तीन वर्षांनंतर झाला व पाठोपाठ टेनिस आलें. युरोपच्या मुख्य भूमीवरील अत्यंत जुन्या फुटबॉल क्लबांत आज के. बी.ची गणना होते, ती या भांडवलावर.

दुसरा क्लब तेरा वर्षांनीं धाकटा. २६ फेब्रुवारी १८८९ रोजीं विद्यार्थ्यांचा एक क्रिकेट क्लब आणि तंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांचा एक चेंडू-क्लब हे एकत्र झाले आणि ए. बी. जन्मास आला. त्याचें सभासदत्व मूळांत विद्यार्थी व पदवीधर यांच्यापुरतेंच असे. क्रिकेटच्या पोटीं फुटबॉलचा क्लब जन्मावा याचें आपल्याला नवल वाटेल; पण त्या काळीं डेन्मार्कमध्यें क्रिकेट आणि फुटबॉल हे एकाच घरांत वाढलेले खेळ होते.

१८८९ हें वर्ष या इतिहासांत दुहेरी महत्त्वाचें आहे. ए. बी. स्थापन झाल्यानंतर तीनच महिन्यांनीं, १८ मे रोजीं, डॅनिश बोल्डस्पिल युनियन ही राष्ट्रीय संस्था निघाली. ब्रिटिश बेटें सोडलीं तर फुटबॉलची युरोपांतील ही पहिली राष्ट्रीय संस्था होय. त्याच हंगामांत कोपनहेगनमधील क्लबांचे रीतसर सामने सुरू झाले आणि पहिला मान नवजात ए. बी.नें पटकावला. थोरल्याच्या अंगणांत धाकट्यानें येऊन पहिल्याच डावांत बाजी मारावी, हा या स्पर्धेचा श्रीगणेशा. कालमानाची कल्पना यावी म्हणून एवढेंच सांगतों कीं, आपल्या मुंबईंत रोव्हर्स कपाचे सामने यानंतर दोन वर्षांनीं, १८९१ सालीं, सुरू झाले.

आतां या स्पर्धेचें स्वरूप काय होतें? एकीकडे पेढी आणि कचेरी, दुसरीकडे ग्रंथालय आणि प्रयोगशाळा, असा हा सामना होता. आपल्याकडे त्याच सुमारास क्रिकेटच्या लढती धर्मवार उभ्या राहत होत्या. पारशी, हिंदु, मुसलमान, युरोपियन असे संघ पडले. त्यांतून चौरंगी आणि पुढें पंचरंगी सामने झाले, आणि ते १९४६ सालीं बंद पडेपर्यंत खेळाबरोबर जमातीचा अभिमानहि मैदानांत उतरत असे. कोपनहेगनमध्यें अशी धर्माची फाळणी नव्हती. तेथील भेद वर्गाचा व व्यवसायाचा होता. परंतु हें नीट लक्षांत घ्यावयास हवें कीं, के. बी. आणि ए. बी. यांच्यामधील भेद फारसा खोल नव्हता. व्यापाऱ्याचा मुलगा विद्यापीठांत जाऊं शकत होता, आणि विद्यापीठांतून बाहेर पडलेला तरुण पेढीवर किंवा कचेरींत बसूं शकत होता. खरी दरी दुसरीकडेच होती. १८८६ सालीं निघालेला ‘फ्रेम’ नांवाचा एक क्लब होता. ‘फ्रेम’ म्हणजे ‘पुढें’. हा श्रमजीवी वस्तीचा क्लब म्हणून ओळखला जाई. के. बी. व ए. बी. हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते खरे; पण तें एकाच दिवाणखान्यांतील दोन खुर्च्यांचें वैर होतें. फ्रेमची मंडळी मात्र जिना चढून वर आलेली होती.

म्हणूनच मैदानांत तासदीड तास एकमेकांवर तुटून पडणारे हे लोक दुसऱ्या दिवशीं एका संघांत खेळूं शकत. १९०८ सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने झाले. त्यांत डेन्मार्कचा राष्ट्रीय संघ प्रथमच अधिकृतपणें उतरला. १९ ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्यांत त्यानें फ्रान्सच्या दुसऱ्या संघाचा नऊ विरुद्ध शून्य असा पराभव केला. डेन्मार्कचा अगदीं पहिला गोल के. बी.च्या निल्स मिडेलबो यानें केला, के. बी.च्याच व्हिल्हेल्म वोल्फहागेन यानें चार, आणि ए. बी.च्या हाराल्ड बोहर यानें दोन गोल केले. तीन दिवसांनीं फ्रान्सच्या मुख्य संघावर सतरा विरुद्ध एक असा विजय मिळाला. त्या सामन्यांत दहा गोल एकट्यानें करणारा सोफुस नील्सेन हा फ्रेमचा खेळाडू होता, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. अंतिम सामन्यांत ग्रेट ब्रिटनकडून दोन विरुद्ध शून्य अशी हार खावी लागली व रौप्यपदक पदरीं पडलें. निळा, हिरवा आणि श्रमजीवी, असे तिघे या पदकाचे वांटेकरी होते.

हाराल्ड बोहर हें नांव उच्चारलें म्हणजे आपल्या मनांत त्याच्या वडील भावाचें नांव उभें राहतें. अणूच्या रचनेचा उलगडा करणारे आणि १९२२ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे नील्स बोहर हेहि ए. बी.चे खेळाडू होते. ते गोलरक्षक. त्यांच्याविषयीं अशी गोष्ट सांगतात कीं, एका जर्मन संघाशीं सामना चालला असतां लांबून टोलविलेला चेंडू गोलाकडे घरंगळत येत होता आणि बोहर खांबाला टेकून स्वस्थ उभे होते. प्रेक्षकांनीं ओरडा केला तेव्हां ते भानावर आले. एका गणिताच्या प्रश्नांत ते गढून गेले होते. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, ए. बी.चा स्वभाव तींत नेमका पकडला आहे. हाराल्ड हा तर गणितज्ञच. १९१० सालीं त्यानें डॉक्टरेटच्या प्रबंधाचें जाहीर समर्थन केलें, त्या वेळीं सभागृहांत गणितज्ञांपेक्षां फुटबॉलचे शौकीनच अधिक होते, अशी आठवण सांगण्यांत येते. आपल्या देशाशींहि या घराचा एक धागा जुळलेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा यांनीं तरुणपणीं, १९३० नंतरच्या दशकांत, नील्स बोहर यांच्या कोपनहेगन येथील संस्थेंत कांहीं काळ काम केलें होतें.

ती संस्था १९२१ सालीं ज्या जागीं उभी राहिली, ती जागा या कथेंत महत्त्वाची आहे. शहरालगत एक मोठें सार्वजनिक गायरान होतें. पूर्वीं तेथें गुरें चरत, सैनिकांच्या कवाइती होत; आणि पुढें त्याच मोकळ्या रानांत कोपनहेगनचे पहिले क्लब खेळूं लागले. या गायरानाच्या एका कडेला बोहर यांची संस्था आहे; दुसऱ्या कडेला १९११ सालीं ‘इद्रेट्सपार्केन’ म्हणजे ‘क्रीडोद्यान’ हें प्रेक्षकांसाठीं बांधीव मैदान उघडण्यांत आलें. राजधानीच्या सर्व मोठ्या क्लबांचे महत्त्वाचे सामने याच एका मैदानांत होऊं लागले. याचा परिणाम असा झाला कीं, के. बी. आणि ए. बी. यांच्या लढतीला ‘आपलें घर’ आणि ‘शत्रूचें घर’ असा भेदच उरला नाहीं. आज ज्या पायऱ्यांवर निळ्या पक्षाचे लोक बसत, त्याच पायऱ्यांवर पुढच्या आठवड्यांत हिरव्या पक्षाचे लोक बसत. दोघांचें घर एकच होतें; आणि एका घरांत राहणाऱ्यांना भांडणाची रीत संभाळावी लागते.

या घरावर १९४० सालीं संकट आलें. ९ एप्रिल रोजीं जर्मन सैन्यानें डेन्मार्क व्यापलें. सामने चालू राहिले, नव्हे, लोकांना ते पूर्वींपेक्षांहि अधिक हवेसे वाटूं लागले. त्या वर्षींचें अजिंक्यपद के. बी.नें मिळविलें; १९४३ आणि १९४५ सालचें ए. बी.नें. परंतु मैदान हें आतां केवळ खेळाचें राहिलें नव्हतें. ५ जून १९४१ रोजीं इद्रेट्सपार्केनमध्यें कोपनहेगनच्या निवडक संघाचा व्हिएन्नाच्या आडमिरा या संघाशीं सामना झाला. व्हिएन्ना त्या वेळीं हिटलरच्या राज्यांत सामील केलेलें होतें. प्रेक्षकांत जर्मन सैनिक होते. त्यांच्या नाझी सलामांनीं आणि ओरडण्यानें डॅनिश प्रेक्षकांचा संयम सुटला, आणि दोघांत उघड हातघाई झाली. या दंग्याचे पडसाद एवढे उमटले कीं, डेन्मार्कच्या न्यायमंत्र्यांना अधिकारपद सोडावें लागलें. पुढें मे १९४४ मध्यें के. बी.च्या मालकीचें ‘के. बी. हालेन’ हें भव्य क्रीडागृह नाझीपक्षीय घातपात्यांनीं स्फोट करून उद्ध्वस्त केलें. सहा वर्षांपूर्वींच, १९३८ सालीं, तें बांधून झालें होतें. व्याप्त देशांतील जनतेला दहशत बसावी म्हणून तिच्या आवडत्या वास्तूंवर घाव घालण्याचें जें सत्र चाललें होतें, त्यांतील हा एक घाव. चेंडूचा क्लब हा राष्ट्राच्या जीवनांत किती आंत रुजला होता, याचें याहून बोलकें प्रमाण कोणतें असूं शकेल?

५ मे १९४५ रोजीं देश मुक्त झाला; आणि मग मघाशीं सांगितलेला तो सात वर्षांचा सुवर्णकाळ आला. त्याच काळांत, १९४८ सालीं, पुन्हां लंडनमध्येंच ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र भारताचा संघ, त्यांतील बहुतेक गडी अनवाणी, फ्रान्सकडून दोन विरुद्ध एक असा अगदीं थोडक्यांत हरला, तीच ही स्पर्धा. डेन्मार्कनें इटलीसारख्या बलाढ्य संघाला पांच विरुद्ध तीन असें नमविलें, उपान्त्य सामन्यांत स्वीडनकडून हार खाल्ली, आणि शेवटीं ग्रेट ब्रिटनला पांच विरुद्ध तीन असें हरवून कांस्यपदक मिळविलें. या संघांत ए. बी.चे क्नुड लुंडबर्ग, कार्ल आगे हान्सेन व इव्हान येन्सेन होते, आणि के. बी.चा आक्सेल पिलमार्क होता.

येथें या कथेला वळण लागतें. इटलीच्या श्रीमंत क्लबांनीं हे खेळाडू हेरले. खुद्द डेन्मार्कमध्यें फुटबॉल हा पूर्णपणें हौशी खेळ होता. खेळासाठीं वेतन घेणें हा अपराध समजला जाई, आणि जो धंदेवाईक झाला त्याला राष्ट्रीय संघाचे दरवाजे बंद होत. तरीहि फ्रेमचा जॉन हान्सेन १९४८ सालींच तुरीन येथील युव्हेंटसकडे गेला. ए. बी.चा कार्ल आगे हान्सेनहि इटलींत गेला. ए. बी.चाच इव्हान येन्सेन १९४९ सालीं बोलोन्याला गेला. पुढल्या वर्षीं के. बी.चा पिलमार्क त्याच क्लबांत दाखल झाला. कोपनहेगनच्या मैदानांत ज्यांनीं निळ्याचा आणि हिरव्याचा हेका धरला होता, ते दोघे आतां दूर इटलींत एका रंगाचा सदरा घालून, एकमेकांकडे चेंडू देत, कित्येक वर्षें पोटासाठीं खेळले. पिलमार्क तर १९५९ पर्यंत तेथेंच राहिला. मायदेशाच्या संघासाठीं मात्र त्यांना पुन्हां खेळतां आलें नाहीं.

क्नुड लुंडबर्गची तऱ्हा निराळी. तो गेला नाहीं. तो डॉक्टर झाला, वर्तमानपत्रांत खेळांवर मार्मिक लेखन करूं लागला, आणि फुटबॉल, हँडबॉल व बास्केटबॉल अशा तीनहि खेळांत देशाच्या संघांतून खेळला. १९५५ सालीं त्यानें ‘ऑलिंपिकची आशा’ अशा अर्थाच्या नांवाची एक कादंबरी लिहिली. ती घडते १९९६ सालच्या ऑलिंपिकमध्यें, आणि औषधांच्या बळावर घडविलेले धावपटू हा तिचा विषय आहे. खेळ हा उद्योग झाला म्हणजे खेळाडू हा कच्चा माल होतो, ही भीति त्यानें एवढ्या आधीं बोलून दाखविली. पुढील काळानें ती भीति निराधार ठरविली, असें कोणालाहि म्हणतां येणार नाहीं.

तेव्हां बरोबर कोण? राहणारा लुंडबर्ग, कीं जाणारे येन्सेन आणि पिलमार्क? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. हौशी वृत्तीची थोरवी मी नाकारीत नाहीं. दिवसभर रुग्णालयांत किंवा कचेरींत काम करून संध्याकाळीं सरावाला येणाऱ्या माणसाच्या खेळांत एक मोकळेपणा असतो. हरला तरी त्याची चूल विझत नाहीं, म्हणून तो उमदेपणानें हरूं शकतो. के. बी. आणि ए. बी. यांच्या स्पर्धेंत कडवटपणा आला नाहीं, त्याचें बरेंचसें श्रेय या परिस्थितीला आहे. परंतु नाण्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. फुकट खेळणें ज्याला परवडतें त्यालाच हौस शोभते. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो त्याला हौशीपणाचा नियम हा नीतीचा नियम वाटत नाहीं. तो त्याला दारावरचा पहारेकरी वाटतो. ज्या नियमानें पेढीवाल्याचा व प्राध्यापकाचा मुलगा सभ्य खेळाडू ठरला, त्याच नियमानें कामगाराचा मुलगा पैसे घेतांच अपराधी ठरला. दिवाणखान्यांतील दोन खुर्च्यांची शोभा राहिली, ती बऱ्याच अंशीं दार बंद होतें म्हणून.

दार बंद ठेवण्याची किंमतहि त्याच दोघांना चुकवावी लागली. गुणी खेळाडू परदेशीं गेले, आणि मागें राहिलेल्यांवर भार पडला. इकडे प्रांतोप्रांतींचीं शहरें जागीं झालीं होतीं. क्योगेनंतर १९५५ पासून लागोपाठ तीन वर्षें यूटलंडमधील आर्हूस शहराच्या क्लबानें अजिंक्यपद नेलें. मग वायले, ओडेन्स, एस्ब्यर्ग अशी रीघ लागली. राजधानीच्या या जुन्या घराण्यांचें राज्य कोणा एका प्रतिस्पर्ध्यानें जिंकून घेतलें नाहीं. देश मोठा झाला आणि तें त्यांत विरून गेलें. तेरा वर्षांच्या खंडानंतर १९६७ सालीं ए. बी. पुन्हां अजिंक्य झाला. आणि जणूं धाकट्याचा शब्द खालीं पडूं नये म्हणून पुढच्याच वर्षीं, १९६८ सालीं, के. बी.नेंहि तो मान मिळविला. जुन्या जोडीचें हें शेवटचें एकत्र दर्शन. ए. बी.चें तें नववें व अखेरचें अजिंक्यपद. के. बी.नें १९७४ आणि १९८० सालीं आणखी दोनदां यश मिळवून आपला आंकडा पंधरावर नेला.

नियम मोडण्याआधीं वांकतात. १९७१ सालीं परदेशीं खेळणाऱ्या धंदेवाईक डॅनिश खेळाडूंना राष्ट्रीय संघाचीं दारें उघडलीं. १९७८ सालीं खुद्द डेन्मार्कमध्यें वेतन देऊन खेळाडू ठेवण्यास परवानगी मिळाली. पण जे क्लब हौशीपणाच्या पायावर उभे होते, त्यांना या नव्या व्यवहारांत पैशाचें बळ अपुरें पडूं लागलें. शहराच्या पश्चिमेस ब्रॉन्बी या उपनगरांत १९६४ सालीं निघालेला एक नवा क्लब झपाट्यानें पुढें आला आणि राजधानीचे जुने मानकरी मागें पडले.

अखेर १ जुलै १९९२ रोजीं के. बी.नें जें केलें, तें त्याच्या संस्थापकांच्या स्वप्नांतहि आलें नसतें. त्यानें आपला पहिला संघ, बी. १९०३ या कोपनहेगनच्या दुसऱ्या एका जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या संघाशीं जोडून टाकला. हा बी. १९०३ कांहीं मरावयास टेकला होता असें नाहीं; मागल्याच मोसमांत त्यानें बायर्न म्युनिकसारख्या मातबर क्लबाला सहा विरुद्ध दोन अशी धूळ चारली होती. तरीहि दोघांना कळून चुकलें कीं, एकेकट्यानें निभाव लागणार नाहीं. या जोडणींतून एफ. सी. क्योबेनहाव्न हा नवा संघ निघाला, आणि इद्रेट्सपार्केनच्या जागीं त्याच वर्षीं उभारलेलें नवें ‘पार्केन’ मैदान हें त्याचें घर झालें. पहिल्याच हंगामांत त्यानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. आणि गंमत अशी कीं, जन्मतःच त्याला प्रतिस्पर्ध्याची गरज भासली. ब्रॉन्बी तयारच होता. पण या नव्या स्पर्धेचा बाज वेगळा आहे. आतां घर एक नाहीं. दोन मैदानें, दोन गर्दी, मध्यें पोलिसांची रांग, असा तो सामना असतो.

ए. बी.चें काय झालें? त्यानें कोणाशीं जोडून घेतलें नाहीं. विद्यापीठाजवळचें जुनें स्थान सोडून तो शहराच्या वायव्येकडील ग्लॅडसाक्से या उपनगरांत स्थायिक झाला होता. १९९९ सालीं त्यानें डॅनिश करंडक जिंकून जुन्या चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी आणलें. परंतु २००४ सालीं तो वरच्या श्रेणींतून खालीं उतरला. के. बी.हि नाहींसा झालेला नाहीं. कोपनहेगनला खेटून असलेल्या फ्रेडेरिक्सबर्ग येथील आपल्या मैदानांवर तो हौशी क्लब म्हणून नांदतो. तेथें मुलें फुटबॉल आणि टेनिस शिकतात. युद्धांत उद्ध्वस्त होऊन पुन्हां उभें राहिलेलें त्याचें क्रीडागृह २०११ सालीं आगींत जळलें, आणि तेंहि पुन्हां बांधण्यांत आलें. घराणीं अशींच टिकतात. राज्य जातें, वाडा राहतो.

या साऱ्या हकीकतींतून मला जें दिसतें तें थोडक्यांत सांगतों. के. बी.ला ए. बी.नें बुडविलें नाहीं, आणि ए. बी.ला के. बी.नें नाहीं. प्रतिस्पर्ध्याच्या हातून खरा क्लब मरत नाहीं; उलट जोंवर समोर कोणी तरी तोलामोलाचा उभा असतो, तोंवर त्याला रोज सकाळीं उठून पायांत बूट चढवावे लागतात. १८८९ सालीं धाकट्यानें पहिला मान नेला नसता, तर थोरला आपल्या वडीलपणावरच समाधान मानून बसला असता. एकानें दुसऱ्याला जागें ठेवलें. त्यांना बुडविलें तें दोघांच्या एकमतानें. ज्या बाबतींत ते एकमेकांशीं कधीं भांडले नाहींत, ज्या नियमाची त्यांनीं कधीं उलटतपासणी केली नाहीं, तेथेंच त्यांचा घात झाला. मैदानांत ते एकमेकांचे दोष अचूक हेरीत. मैदानाबाहेर मात्र दार बंद ठेवण्याच्या बाबतींत दोघेहि एका सुरांत बोलत.

आपल्याकडेहि जुन्या संस्था आहेत, जुन्या तालमी आहेत, नाटकमंडळ्यांचे व गायकीच्या घराण्यांचे जुने वाद आहेत. त्यांच्या भांडणांची आपण चिंता करतों. कोपनहेगनच्या या दोन क्लबांची कथा ऐकल्यावर मला वाटतें, चिंता करावयाची ती त्यांच्या भांडणांची नव्हे. ज्या गोष्टीवर ते सारे न बोलतां सहमत आहेत, ती गोष्ट कोणती, आणि तिच्यामुळें दाराबाहेर कोण उभें आहे, हें एकदां पाहून घ्यावें.